एका वेळी एकानंच आत जायचं

"सांग तुझ्या नवऱ्याला," फोनमधून आवाज आला, "त्याच्या यंत्रानं आज पाद्रीबाबांच्या तोंडातून फुगे काढले!"

फोन नेलिमाच्या कानाला होता. पण तिच्या आईचा, खलायीबाईंचा आवाज असा की फोन नसता तरी तो चवेलेच्या बाजारातून थेट नैरोबीला पोचला असता. टेबलापलीकडे तिचा नवरा सिताती हातात चहाचा कप धरून ऐकत होता. सितातीला राग आला की आधी कान हलायचे, मग मिशी, आणि मग उरलेला सिताती.

"कसले फुगे, आई?"

"साबणाचे! सकाळी माझ्याकडून दूध नेलं, त्याचा चहा केला, प्यायले आणि प्रार्थनेला उभे राहिले. 'आमेन' म्हणायला तोंड उघडलं तर फुगा! हा एवढा, पपईएवढा! तरंगत तरंगत छताला गेला आणि फुटला. म्हाताऱ्यांना वाटलं चमत्कारच झाला. दोघी तर रडायला लागल्या, आणि एक लंगडा उठून चालायला लागला. तो आधीपासूनच चालत होता म्हणा, पण तरी!"

"सांग तुझ्या आईला," सिताती गरजला, "साबणाचं पाणी येतं ते धुण्याच्या वेळी आणि दूध येतं ते दुधाच्या वेळी. दोन्ही एकदम येऊच शकत नाही. प्रोग्रॅम मी लिहिलाय! तिनंच बादली विसळली नसेल नीट."

"आई, तो म्हणतो, बघतो."

सासू-जावई एकमेकांशी बोलत नव्हते ते भांडण होतं म्हणून नव्हे. भांडायचं तरी बोलावं लागतंच की! बुकुसू जमातीच्या घरातली ही जुनी रीत. सासूनं जावयाचं तोंड बघायचं नाही, जावयानं सासूचं बघायचं नाही. एका खोलीत एका वेळी दोघांपैकी एकानंच असायचं. वाटेत समोरासमोर यायची वेळ आली तर एकानं गुपचूप मक्यात शिरायचं. लग्न झालं त्या वर्षी सिताती असाच मक्यात शिरला आणि नेमक्या सासूबाई बांधावर शेजारणीशी बोलत उभ्या राहिल्या. लोक सांगतात, तो आत गेला तेव्हा कणसं कोवळी होती, बाहेर आला तेव्हा भाजून खायला झाली होती. तेव्हापासून त्याला भाजलेल्या कणसाचा वाससुद्धा सोसत नाही.

"आणि हेही सांग," खलायीबाईंचा पट्टा चालूच होता. "बाजाराच्या दिवशी दूध सोसायटीचे चेअरमन येताहेत. त्यांच्यासमोर दुधात साबणाचा टिपूस जरी आला, तर यंत्र माझ्या दुकानातून उचलून समोरच्या नसांबूच्या दुकानात बसवणार. नसांबूच्या! माझ्या गाईला तिरळी म्हणाली होती ती! तसं झालं ना, तर मी दुकानाला कुलूप घालून तुमच्याकडे राहायला येईन. कायमची!"

"अगं, पण आई, हा इथे राहतो ना. तुम्ही दोघं एका घरात कसे..."

"मी आत राहीन. तो बाहेर राहील."

सितातीचा चहा सांडला.

यंत्र तसं साधं. फोनवरून पैसे भरायचे, भांडं तोटीखाली धरायचं, की दुधाची धार. मधूनमधून यंत्र आपलं आपण तोटी साबणाच्या पाण्यानं धुऊन घेतं. वीज गेली की बॅटरीवर जातं आणि झोपतं. वीज आली की उठतं. आता ओत, आता धू, आता झोप, असं यंत्राच्या कानाशी बसून सांगणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि सिताती ड्रायव्हर लिहायचा. चवेलेत हे कोणाला पटत नसे. ड्रायव्हर गाडी हाकतो, त्याला लिहितो कोण? पण कंपनीत सितातीसारखा ड्रायव्हर लिहिणारा दुसरा नव्हता आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

कंपनीची साहेबीण त्याला ओळखून होती. "यंत्र तुझं, सासू तुझी," ती म्हणाली. "मी दुसऱ्या कोणाला पाठवून त्याचं आयुष्य कशाला नासू? तूच जा."

तेव्हा सिताती आणि नेलिमा चवेलेला निघाले. बसमध्ये सिताती खिडकीशी बसून सबंध वाटभर चरफडत होता. नाकुरूपाशी तो म्हणाला, "माझ्या कोडमध्ये चूक नाही." एल्डोरेटपाशी म्हणाला, "असलीच तर बारीक असेल." बुंगोमा आल्यावर त्यानं गुपचूप लॅपटॉप उघडला. नेलिमा काय समजायचं ते समजली.

खलायीबाईंच्या दुकानाच्या मधोमध पत्र्याची भिंत होती आणि त्या भिंतीत यंत्र बसवलेलं. तोंड पुढे दुकानात, पाठ मागे कोठीत. भिंतीच्या कडेला एक अरुंद दार. सिताती मागच्या अंगणातून कोठीत शिरला आणि लॅपटॉपची वायर यंत्राच्या पाठीत खुपसून बसला. खलायीबाई पुढे गिऱ्हाइकांसमोर. मधल्या दारात स्टूल टाकून नेलिमा बसली, निरोप्याचं काम करायला.

सितातीनं कोड उघडला आणि थोड्याच वेळात त्याचे कान हलायला लागले. चूक होती. आणि किती बावळट! धार सोडण्याआधी प्रोग्रॅम विचारायचा, 'कोणी तोटी धुतंय का?' उत्तर यायचं, नाही. धुण्याचं काम सुरू होण्याआधी तेही विचारायचं, 'कोणी दूध ओततंय का?' उत्तर यायचं, नाही. दोघांनी एकाच क्षणी विचारलं की दोघांनाही 'नाही'च ऐकू यायचं, आणि दोघंही खुशाल तोटीत घुसायचे. विचारणं आणि शिरणं यांच्यामध्ये उवेएवढी फट राहिली होती. त्या फटीतून पाद्रीबाबांच्या पोटात साबण गेला होता.

"काय म्हणतो गं तो? सापडलं काही?" पुढून आवाज.

"सांग तुझ्या आईला, मोठा तांत्रिक प्रश्न आहे."

"आई, त्याची चूक आहे."

"मी असं म्हणालो?" सिताती फिस्कारला.

"मी थोडक्यात सांगितलं."

सितातीनं प्रोग्रॅममध्ये एक कडी घातली. तोटीत जायचं तर आधी कडी हातात घ्यायची. कडी एकच. ज्याच्या हातात ती, त्यानंच आत जायचं. बाकीच्यांनी दारात उभं राहायचं. त्यानं पैसे भरता भरता धुणं लावून पाहिलं, धुता धुता पैसे भरून पाहिले. दुधाच्या वेळी दूध आलं, साबणाच्या वेळी साबण. पुढून खलायीबाईंनी कोंबडीचा रस्सा आणि मक्याच्या पिठाची उगाली पाठवून दिली, आणि ताटात चक्क कोंबडीच्या पोटातलं पेटकं होतं! जावयाला त्याहून मोठा मान नाही. सितातीनं ते रागारागातच खाल्लं. चूक आपली निघाली की माणसाला पेटकंसुद्धा टोचतं.

आणि तेवढ्यात वीज गेली.

बाजाराचा दिवस. दारात गिऱ्हाइकांची ही रांग, कॅन घेऊन, बरण्या घेऊन. एक बाई तर लोखंडी टब घेऊन आली होती, लग्नघरासाठी. सगळ्यांनी फोनवरून पैसे भरून ठेवलेले. यंत्रानं एक उसासा टाकला आणि ते नुसतं घुं घुं करत राहिलं. ना धार, ना धुणं, ना झोप.

"काय झालं गं?" खलायीबाई ओरडल्या. "मेलं का ते?"

"आई विचारते, मेलं का?"

"सांग तिला, मेलं नाही, अडकलंय! वीज गेली म्हणून यंत्राला झोपायचंय. झोपण्याआधी त्यानं कडी हातात घेतली, आणि ते थांबलंय, की पैसे भरलेल्यांचं दूध ओतून होऊ दे. आणि दूध ओतणारं काम थांबलंय, की कडी मिळू दे. दोघं एकमेकांची वाट बघताहेत!"

"आई, तो म्हणतो, दोघं अडून बसलेत."

"कोण दोघं?"

"यंत्रातलेच."

"मग एकाला थोबाडीत मारायला सांग!"

"सांग तुझ्या आईला, प्रोग्रॅमला थोबाड नसतं!"

"सांग तुझ्या नवऱ्याला, मला तर आहे ना! ते नसांबूला दाखवायचं कसं ते त्यालाच विचार! बघ, बघ, दारात उभी राहून दात काढतेय. आणि हे बघ, चेअरमन आले!"

चेअरमन वसीके खरंच आले होते. पोट एवढं की ते आधी दुकानात शिरलं आणि चेअरमन मागून आले. "काय खलायीबाई," ते म्हणाले, "आधी दुधात साबण होता, आता दूधही नाही. तुम्ही सुधारणा करताय की काय?"

रांग हसली. खलायीबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "नेलिमे! सांग त्याला..."

"नेलिमा! सांग तिला..."

"नेलिमे, आधी माझं..."

"नेलिमा, माझं पूर्ण होऊ दे..."

नेलिमा उठली. स्टूल उचलून तिनं भिंतीला लावलं. "दोघांनी एकदम माझ्या डोक्यात शिरायचं नाही," ती म्हणाली. "मी चालले. तळलेली मांडाझी खाणार, चहा पिणार, आणि तुम्ही गप्प झालात की येणार. बहुतेक ख्रिसमसला." आणि गेली.

आता आली का पंचाईत! सासूनं जावयाशी बोलायचं नाही, जावयानं सासूशी बोलायचं नाही, आणि मधला निरोप्या मांडाझी खायला गेलेला. मग खलायीबाईंनी यंत्राला फाडकन चापट मारली.

"अरे यंत्रा!" त्या म्हणाल्या. "तुला लिहिणाऱ्याला काही लाजलज्जा आहे का नाही?"

लेकी बोले सुने लागे. पत्र्यामागून उत्तर आलं, "अरे यंत्रा, तुला वापरणाऱ्यांना जरा धीर धरायला सांग. आणि मारू नको म्हणावं, तुझा पत्रा आत येतोय!"

"यंत्रा, माझी गाय तुझ्यापेक्षा हुशार आहे. पान्हा सोडते, आणि साबण काढत नाही!"

"यंत्रा, मग गाय बसव म्हणावं भिंतीत!"

"यंत्रा, मी पोर दिली ती मोठ्या इंजिनिअरला असं ऐकलं होतं!"

"यंत्रा, मीपण ऐकलं होतं, पोरीची आई फार मितभाषी आहे!"

चेअरमननी नेलिमाचं भिंतीला लावलेलं स्टूल ओढून घेतलं आणि ते बसलेच. असला तमाशा सोडून जाणारा बुकुसू अजून जन्माला यायचाय.

पण शिव्या देता देता सितातीचे हात चालत होते. रागात त्याचा मेंदू बरा चालायचा, ही एक गंमतच. झोपेनं आधीच कडी अडवून बसायचं नाही, हे त्याला कळलं होतं. झोपेनं आधी नुसतं सांगायचं, 'आता नवीन कोणी आत येऊ नका.' जे आत आहेत त्यांची मोजदाद ठेवायची. एकेक काम आटपून बाहेर पडेल तसा आकडा कमी करायचा. आत कोणी उरलं नाही, की मग कडी घालून झोपायचं. सितातीनं ते लिहिलं आणि यंत्रात चढवलं. आता ते चालू व्हायला फक्त यंत्राचं पुढचं लाल बटण कोणीतरी दाबून धरायला हवं होतं.

"यंत्रा," तो ओरडला, "तुझं लाल बटण कोणी दाबून धरेल का? आणि सोडायला सांगेपर्यंत सोडू नये!"

"यंत्रा, मी काही कोणाची नोकर नाही," खलायीबाई म्हणाल्या, पण दाबलं. आणि सोडलं. "यंत्रा, झालं का?"

"सोडू नको म्हटलं होतं!"

"कोणाशी बोलतोस रे असा?" चेअरमननी दम दिला.

"यंत्राशी!"

तेवढ्यात रस्त्यापलीकडून नसांबूचं हसणं ऐकू आलं, आणि खलायीबाईंचा उरलासुरला धीर सुटला. पदर खोचल्यासारखा कमरेचा लेसो खोचून त्या तरातरा नसांबूकडे निघाल्या. तिथे त्यांनी जे काही सांगितलं ते ऐकून नसांबूची कोंबडी अंड्यावरून उठून गेली म्हणतात.

सितातीनं पत्र्याला कान लावला. सासूबाईंचा आवाज नाही, म्हणजे सासूबाई नाहीत. तरी रीत म्हणून त्यानं हाक घातली, "पुढे कोणी आहे का?" चेअरमनसकट सगळी रांग रस्त्यापलीकडचं भांडण बघण्यात गुंग; ओ कोणी दिली नाही. तो लॅपटॉप तसाच ठेवून दारातून पुढे गेला आणि लाल बटण दाबून धरलं.

इकडे खलायीबाई भांडून परतल्या. दारात रांगेची ही गर्दी, म्हणून अंगणाला वळसा घालून मागच्या बाजूला आल्या. त्यांनी ठरवलं होतं, यंत्र गेलं खड्ड्यात, त्याच्या पाठीची तोटी उघडायची आणि कॅन भरून चेअरमनच्या पुढ्यात आपटायचा. कोठीच्या दारात थांबून त्यांनीही रीतीप्रमाणे हाक घातली, "मागे कोणी आहे का?" उत्तर नाही. बघतात तो कोठी रिकामी. त्यांनी कॅन भरला आणि मधल्या दाराकडे वळल्या.

सितातीनं बटण सोडलं होतं. यंत्र नुसतं घुं घुं. आत किती कामं अडकलीत ते मोजत होतं बिचारं, पण रागीट माणसाला मोजदादीची सावकाशी कुठली? 'मेली वायरच निघाली असेल!' म्हणून तो उलटा फिरला आणि मान खाली घालून मधल्या दारात घुसला.

टण्ण!

कॅन आधी वाजला, मग दोन कपाळं. दारात सासू आणि जावई, नाकाला नाक लावून. बाजारातले सगळे बघताहेत. सितातीनं हाताला आली ती प्लास्टिकची परात डोक्यावर उलटी घातली. खलायीबाईंनी डोक्याचा रुमाल पार हनुवटीपर्यंत ओढला. रांगेतली एक म्हातारी ओरडली, "बघितलं! बघितलं! दोघांनीही बघितलं!" आणि तिला इतका आनंद झाला की तिच्या बरणीचं झाकण हरवलं.

आणि त्याच वेळी यंत्रानं गळा साफ केला. घुं घुं थांबली. पैसे भरलेल्यांची धार एकेक करून सुरू झाली. एकीचा कॅन भरला, दुसरीची बरणी भरली, टबही भरला. मग तोटी शिस्तीत बाजूच्या नळीनं धुतली गेली. मग यंत्रानं दिवा मंद केला आणि ते बाळासारखं झोपी गेलं. लग्नघरच्या बाईच्या टबातलं दूध चेअरमन फुलपात्रात घेऊन प्यायले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. चेअरमननी तोंड उघडलं. फुगा आला नाही. ढेकर आली.

"यंत्र इथेच राहील," ते म्हणाले. "आता दुसरी गोष्ट. तोंड बघितलंत. रीत मोडली. जावयानं शेळी द्यायची."

"मी का?" परातीखालून आवाज घुमला. "मी पुढे होतो! त्या मागून आल्या!"

"मी विचारून आले होते!"

"मीपण विचारूनच गेलो होतो!"

"मग ओ का नाही दिलीस?"

"मी तेव्हा पुढे होतो ना!"

"मग पुढेच थांबायचं होतंस, मागे कशाला तडफडत आलास?"

लग्नानंतर सासू-जावयाचं हे पहिलं सरळ बोलणं. सगळ्या बाजारानं टाळ्या वाजवल्या. नेलिमा तोंडात मांडाझी धरून धावत आली, आणि तिनं बघितलं, तर नवरा परात घालून आणि आई रुमालात गुंडाळून एकमेकांच्या तोंडावर ओरडताहेत, आणि मध्ये कोणी निरोप्या नाही.

"शेळी दिली, सगळ्यांनी मिळून खाल्ली, की पडदा उठतो," चेअरमन म्हणाले. "मग बोला, बसा, समोरासमोर भांडा. कोणी अडवणार नाही."

सितातीनं पाय आपटत शेळी आणली. चांगली थोरली आणली, कारण चेअरमनचं पोट त्यानं पाहिलं होतं. अंगणात मोठं पातेलं चढलं. नसांबूसुद्धा वाडगा घेऊन आली. खलायीबाईंनी रुमाल काढला, जावयाकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "इतका काही वाईट नाही दिसायला. कान तेवढे हलतात."

सिताती नैरोबीला परतला तो छाती काढून. चवेलेचं यंत्र ना अडत होतं, ना फेसाळत होतं. साहेबिणीनं त्याचा प्रोग्रॅम सगळ्याच यंत्रांत घालायचा हुकूम काढला. सकाळी चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच फोन वाजला. नेलिमाचा नव्हे. त्याचा.

"जावईबापू! मी बोलतेय."

"काय झालं? अडकलं का यंत्र?" सितातीचे कान हलले.

"छे! उत्तम चाललंय. बघायलासुद्धा लागत नाही. म्हणून म्हटलं, आता वेळ आहे तर बोलावं. ऐका, त्या नसांबूनं काल काय केलं..."

नसांबू झाली, चेअरमन झाले, गाईचं पोट बिघडलं ते झालं, भावजयीचं गुडघ्याचं दुखणं झालं. दुपारी जेवताना पुन्हा फोन. संध्याकाळी बसमध्ये पुन्हा. साहेबिणीसमोर मीटिंगमध्ये पुन्हा, आणि न उचलावा तर साहेबिणीलाच फोन! सितातीच्या मिशीला आता थांबायला फुरसत नव्हती. तो कान हलवत, दात खात, हो हो म्हणत होता. नेलिमा समोर बसून शांतपणे मासिक चाळत होती. लग्न झाल्यापासून तिला इतकी उसंत कधी मिळाली नव्हती.

शेवटी त्यानं फोन उशीखाली दाबला आणि दबक्या आवाजात विचारलं, "नेलिमा, ती शेळी परत आणून ती रीत पुन्हा सुरू करता येते का गं?"

"येईल की," पान उलटत नेलिमा म्हणाली. "पण तिचा रस्सा दोनदा मागून कोणी घेतला?"

उशीखालून आवाज आला, "जावईबापू, ऐकताय ना?"